खाली काच लागते

पेशीला डोळे नसतात, कान नसतात. तिला जग कळतं ते चाचपून आणि ओढून. ओढल्यावर हलतं ते मऊ, हलत नाही ते कडक. यापलीकडे तिचं तत्त्वज्ञान नाही.

*

हात पुसायचा कागद अर्धा फाडला की दोन माणसांचं काम भागतं, असं सर म्हणायचे. दोन्ही माणसांचे हात ओलेच राहायचे.

*

फोम घेताना अंगठ्याने दाबून बघू नये. अंगठा खोटं बोलतो.

*

"तुझा विषय काय गं नक्की?" हा प्रश्न भावोजींनी पाच वर्षांत एकोणीस वेळा विचारला होता. उत्तर मिळेपर्यंत ते सतरा वेळा उठून गेले होते आणि दोन वेळा झोपले होते.

*

सोमवारी सकाळी साडेनऊला धाकटीने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि म्हणाली, "मेले."

*

मेली नव्हती ती. पेशीही मेल्या नव्हत्या, उलट चांगल्या टुणटुणीत होत्या, आणि रडगाणं तेच होतं.

तिला धाकटी म्हणायचे ते घरी. पण थोरल्या बहिणीचा फोन आला की तो अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू यायचा, "काय गं धाकटे, डबा विसरलीस की मुद्दाम ठेवलास?" त्यामुळे महिन्याभरात प्रयोगशाळाही तिला धाकटी म्हणायला लागली. सरसुद्धा. थोरली गाद्या, सोफे आणि खुर्च्यांच्या बैठका करायची. स्वतःचं दुकान, हाताखाली दोन कारागीर आणि एक नवरा. तिला धाकटीच्या कामात रस होता, फक्त आदर नव्हता.

काम असं होतं. शरीरात दुरुस्ती करणाऱ्या पेशी असतात. कुठे कापलं, सुजलं, की त्या धावत येतात, जखमेच्या कडा ओढून जवळ आणतात, कोलॅजन नावाचे दोर टाकून जागा बांधतात आणि काम झालं की गाशा गुंडाळतात. निदान गुंडाळावा अशी अपेक्षा असते. पण कधी कधी जागा कडक होऊन बसते. कडक जागेवर पाय रोवता येतो, आणि पाय रोवता आला की पेशीला चेव चढतो. ती अंगात पीळदार तारा तयार करते, जवळजवळ स्नायूसारख्या, आणि जोर लावून ओढायला लागते. त्या ओढाओढीत, दोरांमध्ये बांधून ठेवलेला 'अजून बांधा' असा एक निरोप सुटा होतो. मग अजून दोर. अजून दोर म्हणजे जागा अजून कडक. कडक म्हणून अजून ओढ. फुप्फुस असो की यकृत, शेवटी आत नुसतं बांधकामच उरतं, कामाला जागाच राहत नाही. याला फायब्रोसिस म्हणतात.

"म्हणजे आमच्या इमारतीची समिती," थोरली म्हणाली होती.

धाकटीचा दावा एवढाच होता की पेशी मुळात वाईट चालीची नसते, अंथरूण तिला बिघडवतं. निरोगी फुप्फुसाइतक्या मऊ जेलवर ठेवा, ती गरीब गाय. आजारी फुप्फुसाइतक्या कडक जेलवर ठेवा, तीच पेशी दंड थोपटते. चार वर्षं हे तिला दिसत आलं होतं. आता पीएच.डी.चं शेवटचं वर्ष, आणि नियम असा की सगळं पुन्हा पहिल्यापासून तीनदा करून दाखवायचं. त्यातले दोन प्रयत्न फसले होते. मऊ जेलवरच्या पेशी दगडावर बसल्यासारख्या पसरल्या, तारा ताणल्या, दोर टाकायला लागल्या. त्या सोमवारी दिसला तो दुसरा फसलेला प्रयत्न. पुढच्या मंगळवारी समिती बसणार होती. तोवर कारण सापडलं नाही तर विषय बंद, आणि पाच वर्षं पाण्यात.

*

संशयितांची यादी (धाकटीच्या वहीतून):

पाणी. बदलून बघितलं. निर्दोष.

पेशींची खेप. दुसरी मागवली. तीही तशीच.

पेशी वाढवायचं उबदार कपाट. त्याचं तापमान चार वेळा तपासलं. पाचव्या वेळी त्याच्यावर आवाज चढवला. नंतर माफी मागितली.

जेलचा मऊपणा. उरलेल्या मिश्रणाचा चांगला ढेकळाएवढा गोळा थिजवून यंत्राखाली दाबला. अगदी पाहिजे तितका मऊ. निर्दोष.

माझा सिद्धांत.

मी.

*

मंगळवारी थोरली प्रयोगशाळेत आली ती बहिणीच्या प्रेमाने नव्हे. तिथली सहा स्टुलं उसवली होती आणि सरांनी ते काम तिला दिलं होतं. गळ्यात मापाची टेप, काखेत फोमच्या नमुन्यांची चळत. दारातूनच तिने बहिणीकडे बघितलं.

"काय गं, तोंड का असं? कोणी गेलं का?"

"ताई, हळू बोल. विषय जाणार आहे माझा."

"विषयच ना? मला वाटलं माणूस."

सर आतून आले. सर सज्जन होते, विद्वान होते, आणि त्यांच्या आयुष्याचं सूत्र एका शब्दात मावायचं: निम्मं. बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं घ्या, चालतं. दिवे निम्मे लावा, दिसतं. त्यांच्या हाताखालची माणसं दोन वर्षांत अशी तयार व्हायची की लग्नाला गेली तरी अर्धं जेवून उठायची. पाठीमागे सगळे त्यांना निम्मेसर म्हणत, आणि तेही जमलं तर अर्धंच.

"ताई, एक सुचवू?" सर म्हणाले. "चार बोटं जाडीचा फोम कशाला? दोन बोटं... नव्हे, एक बोट पुरेल."

"बसणार कोण सर?"

"विद्यार्थी."

"मग बसा तुम्ही."

"मी विद्यार्थी नाही."

"व्हा की एकदा."

थोरलीने चळतीतून बोटभर जाडीचा तुकडा काढला आणि उघड्या लोखंडी स्टुलावर ठेवला. सरांनी तो अंगठ्याने दाबून बघितला. चेहरा उजळला. "लोण्यासारखा आहे हो!"

"दाबू नका. बसा."

सर बसले. पहिला क्षण समाधानाचा गेला. दुसऱ्या क्षणी त्यांनी डावीकडे वजन टाकलं, तिसऱ्या क्षणी उजवीकडे. मग दोन्हीकडून थोडे वर आले.

"खाली काहीतरी लागतंय."

"स्टूल लागतंय."

"पण फोम मऊ आहे ना?"

"फोम मऊच आहे. बोटभर मऊ आहे. त्याच्या खाली लोखंड. आता बुडाला काय सर, फोमचा दर्जा वाचता येतो? त्याला तळ कळतो."

धाकटी शेजारच्या टेबलाशी उभी होती. हातातल्या नळीतून एक थेंब गळून बुटावर पडला. तिला त्याचं भान नव्हतं.

"ताई, परत म्हण."

"काय? बुड?"

"नाही गं. त्याच्या पुढचं."

"तळ कळतो." थोरलीने तिच्याकडे निरखून बघितलं. "तुला ताप आहे का?"

*

"तुझ्या त्या गाद्या कुठायत, ज्यांच्यावर तुझ्या बाया झोपतात?"

"पेशी, ताई."

"तेच ते. दाखव."

धाकटीने बशी पुढे केली. आत नखाएवढ्या गोल काचा होत्या.

"ही काच झाली. गादी?"

"काचेवर आहे ना. जेलची."

थोरलीने बशी उजेडात धरली, तिरकी केली, चष्मा कपाळावर नेऊन बघितली, चष्मा खाली आणून बघितली. "किती जाड?"

धाकटीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला ते माहीत नाही. पाच वर्षांत जेल किती मऊ आहे हे तिने शेकडो वेळा मोजलं होतं. किती जाड आहे हे एकदाही नाही.

जाडी मोजायला दोन मिनिटं लागली. जेलमध्ये चमकणारे बारीक मणी मिसळलेले असतात. सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवत आधी सगळ्यात खालचे मणी स्पष्ट करायचे, मग सगळ्यात वरचे, आणि मधे चाक किती फिरलं ते वाचायचं. चाक फिरलं म्हणण्याइतकंसुद्धा फिरलं नाही.

"दहा मायक्रॉन."

"माणसांच्या भाषेत सांग."

"केसाचा आठवा हिस्सा."

"आणि तुझी ही बाई ओढते किती?"

"चांगलीच ओढते."

"मग तळ लागणारच की! बाळ, मी बावीस वर्षं हेच करतेय. ही गादी नाही. ही गादीवरची चादर आहे."

सर अजून स्टुलावरच होते, अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. ते म्हणाले, "शक्य नाही. प्रमाण ठरलेलं आहे. मी स्वतः ठरवलंय."

*

प्रमाण फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कार्डावर होतं. एका काचेवर किती मिश्रण ओतायचं त्याचे आकडे, मायक्रोलिटरमध्ये, आणि ज्याने बदल केला त्याची सही. कार्ड जुनं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि वरचे आकडे एकेका रेघेने खोडलेले:

वीस. (छापील. कार्डाबरोबरच आलेलं.)

दहा. "निम्मं पुरतं." सरांची सही, अकरा वर्षांपूर्वीची.

पाच. "निम्मं पुरतं." लंबूची सही. लंबू म्हणजे धाकटीच्या आधीचा विद्यार्थी, सध्या परदेशी.

अडीच. "निम्मं पुरतं!" धाकटीची सही, यंदाच्या जानेवारीतली. शेजारी हसरा चेहरा.

प्रत्येकाने नियम पाळला होता. नियम होता, लिहिलंय त्याच्या निम्मं घ्या. लिहिलेलं आधीच निम्मं आहे का, हे बघायचा नियम नव्हता. सरांनी जानेवारीत त्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल धाकटीचं चहाच्या वेळी कौतुकही केलं होतं. लंबूच्या पाचावर जेमतेम निभावत होतं, पेशीला तळ लागता लागता राहत होता. अडीचवर तिचे हात खालच्या काचेपर्यंत पोचले. मिश्रणाचा गोळा यंत्राखाली मऊच येणार होता. यंत्राने अंगठ्याने दाबून बघितलं होतं.

"म्हणजे माझ्या पेशी शहाण्या होत्या," धाकटी हळूच म्हणाली. "त्यांना बरोबर कळत होतं."

"घरात कोणीतरी शहाणं असावंच लागतं," थोरली म्हणाली आणि स्टुलांची मापं घ्यायला लागली.

*

बुधवारी प्रश्न मिश्रणाचा. बाटली एकच उरली होती, नवीन यायला तीन आठवडे. सरांनी ती खिडकीजवळ नेऊन तिरकी करून बघितली, जसा एखादा आजोबा नातवाला निरोप देताना बघतो.

"अडीचने ओतलं तर यात नव्वद काचा होतील," ते म्हणाले.

"नव्वद चुकीच्या," धाकटी म्हणाली.

"दहाने ओतू. मधला मार्ग."

"सर, वीस."

"पंधरा?"

"सर, तुम्ही स्टुलावर बसला होता."

सरांच्या चेहऱ्यावरून ती आठवण सावकाश सरकत गेली. ते म्हणाले, "मी जरा बाहेर जाऊन येतो. मला बघवणार नाही." आणि खरंच गेले.

धाकटीने बारा काचा ओतल्या. सहा वीसच्या, सहा अडीचच्या. बाटली एक, दिवस एक, पेशींची खेप एक, हात एक. फरक फक्त जाडीचा. वरून कोलॅजनचा हात दिला, म्हणजे पेशींना पकडायला काहीतरी मिळावं, आणि पेशी सोडल्या. बशा उबदार कपाटात ठेवल्या. कपाटाला या वेळी ती काही बोलली नाही. मागचं दोघांनीही विसरलेलं बरं.

*

पाच दिवस पेशींना लागतात. माणसांना ते जास्त लागतात.

पहिल्या दिवशी धाकटीने कपाटाचं दार उघडून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं नाही, पण दारापाशी तीनदा जाऊन आली. तिसऱ्या दिवशी थोरलीचा फोन.

"उठल्या का तुझ्या बाया?"

"बघायचं नसतं गं मधेच. हलवल्यावर त्रास होतो त्यांना."

"मग तू जेव. त्यांच्याबरोबर उपास कशाला करतेस? आणि ऐक, तुझे भावोजी विचारतायत, तुझा विषय काय नक्की."

"विसावी वेळ."

"त्यांना सांगितलं मी. म्हटलं, गाद्या."

चौथ्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, खुर्ची पुढे ओढली, आणि आवाज निम्मा केला.

"हे बघ. मंगळवारी समितीपुढे कार्डाचं काढायची गरज नाही. आधीचे दोन प्रयत्न का फसले असं विचारलं तर सांग, पेशींची खेप खराब होती. असं होतं. पेशी काय येणारेत साक्ष द्यायला?"

"पण खेप चांगली होती, सर."

"मला माहितीये. तू म्हणतेस की चूक अंथरुणाची. समिती म्हणणार, ज्या मुलीला पाच वर्षांत अंथरूण घालता येत नाही..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. सवयीने.

धाकटी घरी गेली आणि रात्रभर त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग तयार करत बसली. त्याचे नऊ प्रकार झाले. एकही बरा नव्हता.

*

सोमवारी सकाळी साडेनऊ. आधी पातळ.

पेशी पसरलेल्या, रुंद, कोपरे ताणलेले; रंग दिल्यावर अंगभर हिरव्या तारा चमकत होत्या. पैलवान.

मग जाड. तेच मिश्रण, तीच खेप.

पेशी बारक्या, निमुळत्या, अंग चोरून पडलेल्या. तारा शोधाव्या लागत होत्या. एखादी हात लांब करायची, जेल ओढायची. जेल तिच्याबरोबर सरकायचं, आणि ओढण्यात राम नाही असं वाटून ती सोडून द्यायची. दुपारच्या जेवणानंतरची कचेरी.

धाकटीने सहाही काचा बघितल्या, मग त्याच सहा पुन्हा बघितल्या. मग फ्रिजकडे गेली, नखाने कार्डाची कड उचकटली आणि कार्ड काढून पिशवीत टाकलं.

*

समितीत तिघं. सर. विद्यापीठातले एक जुने प्राध्यापक, ज्यांना सगळे होहो म्हणायचे कारण ते तेवढंच म्हणायचे. आणि हाडांवर संशोधन करणाऱ्या एक बाई, ज्या कधीच होहो म्हणायच्या नाहीत. बाईंच्या समोर निळी फाईल होती, बंद.

धाकटीने चित्रं दाखवली. एकाच बाटलीतलं जेल, एक जाड, एक पातळ. जाडावरच्या पेशी झोपलेल्या, पातळावरच्या दंड थोपटून.

"होहो," होहो म्हणाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडे मऊपणा तोच?"

"जेलचा तोच. पेशीला लागतो तो वेगळा. ती वरवर चाचपत नाही, ओढून बघते. जेल पातळ असलं की तिची ओढ खाली काचेपर्यंत जाते, आणि काच काही हलत नाही. मग ती समजते, जागा कडक आहे. पुढचं सगळं त्या समजुतीतून."

"मग आधीचे दोन फसलेले प्रयत्न? अहवालात कारणाची जागा रिकामी आहे."

सरांनी घसा साफ केला. धाकटीने सरांकडे बघितलं. सर टेबलावरच्या कागदाच्या अर्ध्या तुकड्याकडे बघत होते. खेप खराब होती, तीन शब्द. पेशी साक्षीला येणार नव्हत्या.

धाकटीने पिशवीतून कार्ड काढलं आणि बाईंच्या पुढे ठेवलं.

बाईंनी वरून खाली वाचलं. वीस. दहा. पाच. अडीच. मग खालून वर वाचलं.

"ही शेवटची सही कोणाची?"

"माझी."

"आणि हसरा चेहरा?"

"तोही माझाच."

खोलीत कोणीतरी हसलं. होहो होते ते. त्यांना पहिल्यांदाच काहीतरी वेगळं म्हणताना सगळ्यांनी ऐकलं. ते म्हणाले, "वरची सही ओळखीची वाटते."

सर उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाही कळलं नसावं. "माझी," ते म्हणाले. "निम्म्याची सुरुवात माझी." आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण वाक्य बोलले: "चूक पद्धतीची आहे, मुलीची नाही, आणि पद्धत मी लावली."

"चूक दोघांची आहे," बाई म्हणाल्या. "पण पेशींची नाही, हे महत्त्वाचं." त्यांनी चित्रं पुन्हा जवळ ओढली, आणि बराच वेळ पातळ जेलवरच्या एका पैलवान पेशीकडे बघत राहिल्या. "आमच्याकडेही सगळं काचेवरच वाढवतात. आम्ही जाडी कधी मोजली नाही." हे त्या कोणाला सांगत होत्या कळलं नाही. "जाडीचं वेगळं प्रकरण लिही. वीस, पंधरा, दहा, पाच, अडीच, सगळे टप्पे. फसलेले दोन प्रयत्न त्यात घाल, लपवू नकोस. सहा महिने देते."

"म्हणजे विषय..."

"चालू."

धाकटी बाहेर आली. जिन्यात बसून तिने फोन लावला. पलीकडे शिवणयंत्राचा खडखडाट होता.

"ताई, विषय राहिला."

"कुठे राहिला? विसरलीस?"

"अगं राहिला म्हणजे वाचला!"

"मग तसं सांग की." यंत्र थांबलं. मग नाक ओढल्याचा आवाज. "फोमचा भुगा गेला नाकात. आणि ऐक, तुझ्या सरांना सांग, स्टुलं तयार आहेत. चार बोटं घातलीत. घासाघीस केली तर परत उसवीन."

यंत्र पुन्हा सुरू झालं.

निळ्या फाईलमधला अहवाल आदल्या शुक्रवारीच टाइप झाला होता; त्यात 'विषय बंद करावा' असं होतं, आणि खाली तीनपैकी दोन सह्या झालेल्या होत्या.